फुटाच्या भावाने ओढा

भंगाराच्या एका मोठ्या गोदामात ओढा विकायला ठेवला आहे. जुना, वापरलेला. दहा, पंधरा, वीस फुटांचे तुकडे करून रचून ठेवलाय. शंभर फुटी तुकड्यांची थप्पी वेगळी. भाव फुटाला साडेसहा डॉलर, शंभर फुटांच्या पुढे पाच. धबधबे वरच्या मजल्यावर, जुन्या नळसामानात, संडासाच्या भांड्यांच्या शेजारी धूळ खात पडलेत. मासे ओढ्याबरोबरच मिळतात, पण किती निघतील ते गिऱ्हाइकाच्या नशिबावर. जुन्या बाजारात सागवानी चौकटीचा भाव सांगावा त्या सुरात विक्रेता हे सगळं सांगतो. निवेदकालाही नवल वाटत नाही. तो भाव विचारतो, माल बघतो, पाण्यात हात घालून पाहतो. पाणी गार असतं.

रिचर्ड ब्रॉटिगनच्या 'ट्राउट फिशिंग इन अमेरिका' या १९६७ साली आलेल्या पुस्तकातलं, शेवटाकडचं हे प्रकरण. त्याच्यावर लिहिणारा प्रत्येक जण या गोदामात जाऊन येतो आणि बहुतेकांना तिथे एकच गोष्ट दिसते: निसर्ग विकायला काढणाऱ्या अमेरिकेची टिंगल. ती आहेच, लपवलेली नाही. मला मात्र त्या गोदामातला एक खोका जास्त महत्त्वाचा वाटतो. उरलेसुरले, अडनिड्या मापाचे तुकडे त्यात टाकलेत. सहा इंचांपासून फूट-दोन फुटांपर्यंत. नुसती टिंगलच करायची असती तर या खोक्याची गरज नव्हती. खिशात फार पैसे नसलेल्या माणसालाही ओढ्यातलं काहीतरी घरी नेता यावं, याची सोय तिथे केलेली आहे. ही सोय सुचायला लहानपणी दुकानात नुसतं भाव विचारून बाहेर पडण्याचा अनुभव गाठीशी असावा लागतो.

ब्रॉटिगन म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती उंच टोपी, ओघळत्या मिशा आणि सॅन फ्रान्सिस्कोचे फुलंवाले तरुण. 'ट्राउट फिशिंग'च्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. हिप्पी मंडळींनी त्याला आपला मानला आणि त्यांची लाट ओसरली तसे समीक्षकांनी त्यालाही ओसरलेला ठरवून टाकला. त्याची पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमाने, कवितांसकट वाचत गेलं की वेगळाच माणूस भेटतो. दहा कादंबऱ्या, एक कथासंग्रह, कवितांची लहानमोठी दहा पुस्तकं आणि मरणोत्तर निघालेलं थोडं. एवढ्या सगळ्यात पुन्हा पुन्हा एक उपाशी मुलगा येतो. त्याच्याकडे वस्तू नसतात, त्यामुळे तो त्या मनाने तयार करतो आणि त्यांचा हिशेबही ठेवतो. ज्याला ब्रॉटिगनचा लहरीपणा म्हणतात, त्याच्या मुळाशी ही काटकसर आहे.

तो जन्मला १९३५ साली, वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमात. बापाचा पत्ता नाही, आई एका गावातून दुसऱ्या गावात बिऱ्हाड हलवणारी. मुलगा वाढला ऑरेगनमधल्या युजीनला, गरिबीत. १९५५च्या डिसेंबरात त्याने तिथल्या पोलीस ठाण्याच्या काचेवर दगड मारला. तुरुंगात टाकतील आणि निदान पोटाला मिळेल, एवढाच हेतू होता असं सांगतात. त्याला पाठवलं सेलमच्या मनोरुग्णालयात आणि तिथे विजेचे झटके दिले. ('वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट' हा सिनेमा पुढे याच इमारतींमध्ये चित्रित झाला.) सुटल्यावर १९५६ साली तो सॅन फ्रान्सिस्कोला आला. बीट कवींचा बोलबाला असलेल्या त्या शहरात तो कायम थोडा कडेलाच राहिला. गिन्सबर्गसारखा घोष त्याला जमणारा नव्हता. त्याचा आवाज हळू, किंचित लाजरा.

'ट्राउट फिशिंग' त्याने लिहायला घेतलं १९६१च्या उन्हाळ्यात. बायको आणि तान्ही मुलगी यांच्यासह आयडाहोतल्या ओढ्यांकाठी तंबू ठोकून, घडीच्या टेबलावर टाइपरायटर ठेवून. सत्तेचाळीस छोटी प्रकरणं. 'ट्राउट फिशिंग इन अमेरिका' हे त्यात कधी पुस्तकाचं नाव असतं, कधी एक माणूस, कधी हॉटेल, कधी पेनचं टोक. एका प्रकरणात तर सहावीतली पोरं पहिलीतल्या मुलांच्या पाठीवर खडूने तेच शब्द लिहीत सुटतात. समीक्षकाला हे रूपकांचं भांडार वाटतं. मला ते एकच भांडं सगळ्या स्वयंपाकाला वापरणाऱ्या घरासारखं दिसतं. सुरुवातीलाच पाहा. पहिलं प्रकरण पुस्तकाच्या मुखपृष्ठाविषयी आहे: बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा, सभोवतालचा बगिचा, सगळं पोस्टकार्डासारखं. आणि मग पाच वाजता समोरच्या चर्चमध्ये गरिबांना सँडविच वाटतात, तिकडे लोक धावतात. निवेदकाचा मित्र आपलं सँडविच उघडून पाहतो, तर आत पालकाचं एक पान. बस्स. यावर लेखक एक शब्दही बोलत नाही, लगेच काफ्काकडे वळतो.

याच पुस्तकातला दोन पानांचा एक प्रसंग पोर्टलंडचा आहे. मुलगा दुपारी रस्त्याच्या कोपऱ्यावरून लांबच्या टेकडीकडे पाहतो. झाडीतून पांढराशुभ्र धबधबा कोसळताना दिसतो, तुषार जवळजवळ अंगावर येतात. धबधबा आहे म्हणजे ओढा असणार, ओढा आहे म्हणजे मासे असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पावाचा एक तुकडा, टाचणी वाकवून केलेला गळ आणि दोरा घेऊन निघतो. जवळ जातो तसं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. पाणी पाण्यासारखं वागत नाही. शेवटी कळतं की धबधबा नाहीच. झाडीतल्या घराकडे जाणारा पांढऱ्या रंगाचा लाकडी जिना आहे.

दुसऱ्या कुणी ही गोष्ट इथे थांबवली असती आणि आपण हळहळलो असतो. ब्रॉटिगनचा मुलगा आपल्या ओढ्यावर टकटक करून पाहतो. लाकूड वाजतं. मग तो स्वतःच मासा होतो आणि आमिषाचा पाव खाऊन टाकतो. वाकड्या टाचणीपासून जमवलेलं सगळं इथे येऊन मिळतं. भ्रमनिरास झाला म्हणून पाव फेकून देण्याची चैन या मुलाला परवडत नाही. कल्पना फसली तरी पाव उरतोच, आणि तो खायला एक मासा लागतो. यापुढे एक छोटं उत्तर आहे, ते 'ट्राउट फिशिंग इन अमेरिका' हा माणूस देतो: आपल्यालाही काही करता आलं नसतं, जिन्याचा ओढा करता येत नाही, आपणही एकदा व्हरमाँटमध्ये एका म्हातारीला ओढा समजलो होतो आणि तिची माफी मागावी लागली. हा गंभीर चेहऱ्याचा विनोद म्हणजे ब्रॉटिगनची सही.

त्याच्या जवळचंच दुसरं एक प्रकरण सरबताच्या पुडीचं. अंतर्गळामुळे शेतावर कामाला जाऊ न शकणारा, ऑपरेशनला पैसे नसलेला एक मुलगा दिवसभर घरी असतो. पाच सेंटांची द्राक्षाच्या चवीची कूल-एडची पुडी आणायची, घराबाहेरच्या नळाखाली मोठ्या बरणीत ती कालवायची, हा त्याचा रोजचा सोहळा. जेवढ्या पाण्यात ती घालायची त्याच्या दुप्पट पाणी. साखर घालायची असते. ती घालत नाहीत, कारण घरात साखरच नसते. पूजेला बसल्यासारखा तो नळ सुरू करतो, बंद करतो, एक थेंब इकडचा तिकडे होऊ देत नाही. या दुप्पट पाण्याच्या बिनसाखरेच्या सरबताची ब्रॉटिगनला कीव येत नाही आणि त्याचं कौतुकही तो करत नाही. तो मापं सांगतो. मापं अचूक असल्यामुळेच त्या मुलाची धुंदी खरी वाटते.

कवितांच्या बाबतीत वाचकाने थोडं कठोर व्हावं. त्याच्या कित्येक कविता दोन ओळींच्या गमती आहेत. 'रोमेल ड्राइव्ह्ज ऑन डीप इंटू इजिप्त' (१९७०) या संग्रहात काही पानांवर नुसतं शीर्षक आहे आणि खाली कोरं पान. एकदा हसून झालं की ते पान पुन्हा उघडावंसं वाटत नाही. पण १९५८ची 'द गॅलिली हिच-हायकर' ही पुस्तिका आजही ताजी आहे. तिच्यात बोदलेर जुनी मोटार हाकत गॅलिलीतून चाललाय आणि वाटेत येशूला लिफ्ट देतो. हाच बोदलेर सॅन फ्रान्सिस्कोत हॅम्बर्गरची गाडी टाकतो आणि पावात मटणाऐवजी फुलं घालून देतो. गिऱ्हाइकं कांदा घातलेला हॅम्बर्गर मागत राहतात. फ्रेंच कवीच्या पुष्पांचा यापेक्षा खमंग उपयोग कुणी केला नसेल. हा हॅम्बर्गर लक्षात ठेवावा, चोवीस वर्षांनी तो पुन्हा येणार आहे.

'द पिल व्हर्सेस द स्प्रिंगहिल माइन डिझास्टर' (१९६८) या संग्रहात कर्म दुरुस्त करण्याच्या साहित्याची चार कलमी यादी आहे. पहिलं कलम पुरेसं अन्न मिळवून ते खाण्याचं, दुसरं शांत जागा शोधून झोपण्याचं, तिसरं मनातला गोंगाट कमी करण्याचं. चौथ्या आकड्यापुढे काहीच नाही. त्या काळी शेकडो तरुण कर्म, मोक्ष, निर्वाण हे शब्द तोंडात घोळवत होते. अन्नाला पहिला नंबर देण्याचं त्यांच्यातल्या फार थोड्यांना सुचलं असतं. शीर्षक-कविता अवघ्या चार ओळींची. संततिनियमनाची गोळी आणि नोव्हा स्कोशियातल्या कोळशाच्या खाणीत गाडली गेलेली माणसं ती शेजारी बसवते. काहींना ती क्रूर वाटते. मला ती पोरकट वाटते, पण वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही, हेही खरं.

कविता फुकट वाटण्याची त्याला हौस होती. १९६७ साली कॅल्टेकमध्ये तो काही दिवस निवासी कवी होता. त्याच वर्षी 'ऑल वॉच्ड ओव्हर बाय मशीन्स ऑफ लव्हिंग ग्रेस' ही पुस्तिका छापून वाटली गेली. कुरणात जनावरं आणि संगणक गुण्यागोविंदाने नांदताहेत, असं तिच्या शीर्षक-कवितेतलं चित्र. ते खरंच स्वप्न आहे की थट्टा, यावर अजून वाद घालतात. पुढच्या वर्षी 'प्लीज प्लँट धिस बुक' आलं: बियांची आठ पाकिटं, चार फुलांची, चार भाज्यांची, प्रत्येकावर एक कविता. गाजर, लेट्यूस, पार्सली. मराठी अनियतकालिकं ज्यांनी हाताळलीत त्यांना स्वतः छापून हातोहात वाटायचा हा उत्साह ओळखीचा वाटेल. पण गाजराचं बी आपल्याकडे कुणी वाटलं नाही.

'इन वॉटरमेलन शुगर' (१९६८) ही त्याची सर्वांत विचित्र कादंबरी आणि माझ्या मते सर्वांत निर्मम. कलिंगडाच्या साखरेपासून सगळं बनवणारी एक वसाहत. दर दिवशी सूर्याचा रंग वेगळा. तिथल्या वाघांना बोलता येत असे. निवेदक लहान असताना त्याच्या आईबापांना त्यांनी खाल्लं, आणि खाता खाता त्याला गणितात मदतही केली. हे सगळं इतक्या सपाट, सौम्य भाषेत येतं की वाचताना झोप यावी. नंतर लक्षात येतं की हा सौम्यपणाच भयंकर आहे. वसाहतीत कुणी मोठ्याने रडत नाही. एक टोळी सगळ्यांसमोर स्वतःचे अंगठे, नाक, कान कापून मरते. लोक पुसपास करतात आणि कामाला लागतात. एका बाईचा मृत्यू होतो आणि निवेदक तिच्याबद्दल जेवढं बोलायला हवं तेवढं बोलत नाही. कम्यूनमध्ये राहायला निघालेल्या तरुणांनी हे पुस्तक स्वप्न म्हणून उराशी धरलं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलं आहे.

'रिव्हेंज ऑफ द लॉन' (१९७१) या कथासंग्रहातल्या बासष्ट कथांपैकी एक दोन वाक्यांची आहे आणि तीत खून आहे. दुसऱ्या एका कथेत सॅन फ्रान्सिस्कोतला एक काव्यप्रेमी गृहस्थ घरातलं सगळं नळकाम काढून त्या जागी कविता बसवतो. पाइपांच्या जागी जॉन डन, न्हाणीच्या टबाच्या जागी शेक्सपिअर, स्वयंपाकघरातल्या सिंकच्या जागी एमिली डिकिन्सन, न्हाणीघरातल्या बेसिनच्या जागी मायकोव्हस्की. संडासाला किरकोळ कवी. अर्थात काहीच चालत नाही. वैतागून तो कवितांना निघा म्हणतो तर त्या जागा सोडायला तयार नाहीत. शेवटी त्यालाच घराबाहेर पडावं लागतं. कवितेने जग बदलेल असं गल्लोगल्ली म्हटलं जात असताना ब्रॉटिगन ती सिंकला जोडून पाहतो. त्याला कवितेबद्दल आदर नाही असं कुणी म्हणू नये. कुणाला कुठे बसवलंय ते नीट पाहिलं की त्याचं वाचन कळतं. डिकिन्सनची ओट्याजवळची जागा मला तरी फार पटते.

त्याच संग्रहात सतरा वर्षांचा निवेदक, सरकारी मदतीवर जगणारी एक बाई आणि चौथीपर्यंत शिकलेला एक माणूस मिळून कादंबरी लिहायला बसतात. माणूस लिहिणार, बाई सुधारणार, मुलगा टाइप करणार, कारण टाइपरायटर त्याचा. नफा तिघांत समान. बाहेर पाऊस आणि चिखल. लिहिलेलं वाचवत नाही इतकं अशुद्ध आहे. हसू येतं, पण ते त्या तिघांना हसणं होत नाही. लेखक टेबलाच्या त्यांच्याच बाजूला बसलाय. 'द अबॉर्शन' (१९७१) या कादंबरीतलं ग्रंथालयही याच मायेतून आलं. कुणीही आपलं न छापलेलं पुस्तक रात्री-अपरात्री तिथे आणून द्यावं. ग्रंथपाल नोंद करून घेतो. हॉटेलच्या खोल्यांत मेणबत्तीच्या उजेडात फुलं कशी वाढवावीत, यावर एक म्हातारी पुस्तक देऊन जाते. खुद्द ब्रॉटिगनही येऊन एक हस्तलिखित ठेवून जातो. १९९० साली व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला असं ग्रंथालय खरोखर सुरू झालं. आता ते वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हरला आहे. कादंबरीचा उत्तरार्ध, टिव्हानाचा प्रवास वगैरे, मात्र ढिला आहे, आणि नायिका सुंदर असण्यापलीकडे फारशी घडत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा लेखक अनेकदा एवढ्यावरच थांबतो.

सत्तरच्या दशकात त्याने दर वर्षी एक साहित्यप्रकार धरून मोडायचं ठरवलं. 'द हॉकलाइन मॉन्स्टर' (१९७४) मजेदार आहे. काउबॉय आणि भुताटकी यांचं लग्न बऱ्यापैकी लागतं. 'विलर्ड अँड हिज बोलिंग ट्रॉफीज' (१९७५) कंटाळवाणी आहे आणि कंटाळवाणी आहे एवढंच तिच्याबद्दल सांगता येतं. 'सोम्ब्रेरो फॉलआउट' (१९७६) आणि खाजगी गुप्तहेराची 'ड्रीमिंग ऑफ बॅबिलॉन' (१९७७) यांच्यात उत्तम पानं आहेत, पुस्तक उभं राहत नाही.

याच काळात जपान त्याच्या आयुष्यात आला. 'जून थर्टिएथ, जून थर्टिएथ' (१९७८) ही १९७६च्या टोकियो-मुक्कामाची कवितांची रोजनिशी. परतताना तारीखरेषा ओलांडल्यामुळे त्याला तीस जून दोनदा मिळाला, म्हणून हे नाव. तिची प्रस्तावना कवितांहून सरस आहे. नात्यातला एडवर्ड मिडवे बेटावर जपानी बॉम्बने जखमी झाला आणि पुढे मेला. त्यामुळे लहानपणी ब्रॉटिगन जपान्यांचा द्वेष करत असे. नंतर बाशो आणि इस्सा हाती पडले. हा पालट तो मोठ्या शब्दांत सांगत नाही, नातेवाइकाची माहिती द्यावी तसा सांगतो. जपाननेही त्याला जवळ केलं. काझुको फुजिमोतो यांचा 'ट्राउट फिशिंग'चा अनुवाद १९७५ साली आला आणि हारुकी मुराकामीसारख्या लेखकावर त्याची छाप पडली. शिरीष पै यांच्यामुळे हायकूशी ओळख झालेल्या मराठी वाचकाला ही रोजनिशी परकी वाटणार नाही, जरी त्यातल्या काही नोंदी अगदीच रोजच्या नोंदी असल्या तरी.

आणि मग १९८२ साली 'सो द विंड वोंट ब्लो इट ऑल अवे'. ही त्याच्या हयातीतली शेवटची कादंबरी, जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची. १९४८चा ऑरेगन, बारा-तेरा वर्षांचा मुलगा. रिकाम्या बाटल्या गोळा करून चार पैसे जमवतो. एके दिवशी हातात पैसे आहेत आणि निवड करायची आहे: हॅम्बर्गर घ्यावा की बावीस नंबरच्या बंदुकीसाठी गोळ्यांची डबी. तो गोळ्या घेतो. सोडून दिलेल्या सफरचंदांच्या बागेत, उडालेल्या फेझंटवर झाडलेली गोळी मित्राला लागते आणि मित्र मरतो. कोर्ट त्याला निर्दोष सोडतं. तो स्वतःला सोडत नाही. पुढे कित्येक दिवस हा पोरगा हॅम्बर्गरविषयी जमेल तेवढी माहिती गोळा करत सुटतो, आचाऱ्यांना प्रश्न विचारतो, नोंदी ठेवतो. हॅम्बर्गरचं शास्त्र पुरतं समजलं तर कदाचित त्या दिवशीचा व्यवहार उलटवता येईल, असा त्याचा हिशेब. तसं तो म्हणत नाही. नोंदी इतक्या टापटिपीच्या आहेत की म्हणायची गरजच राहत नाही.

याच कादंबरीत एक लठ्ठ जोडपं येतं. रोज संध्याकाळी ट्रकमधून सोफा, दिवे, चूल असं सगळं घरसामान तळ्याकाठी उतरवतात आणि उघड्यावर मांडलेल्या दिवाणखान्यात बसून मासे धरतात. जे पाहून दुसऱ्या कुणी त्यांना वेडे म्हटलं असतं, ते हा मुलगा अत्यंत आदराने पाहतो. कोणती वस्तू कोणत्या क्रमाने खाली उतरली तेही त्याला पाठ आहे. पूर्वीच्या पुस्तकांतला कल्पनेचा खेळ इथे लेखकाकडून पात्रांकडे गेलाय. ही माणसं रूपकं नाहीत, त्यांना मासे हवेत आणि बसायला गादी हवी. ब्रॉटिगनच्या गद्याने इतकी स्थिर गती पूर्वी कधी धरली नव्हती. अमेरिकेत पुस्तकाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. फुलंवाल्यांचा लेखक म्हणून एकदा शिक्का बसलेल्याकडून अपराधाची कादंबरी कुणाला नको होती.

दोन वर्षांनी, १९८४च्या सप्टेंबरात, कॅलिफोर्नियातल्या बोलिनासच्या घरी त्याने आयुष्य संपवलं. वय एकोणपन्नास. मागे राहिलेलं 'ॲन अनफॉर्च्युनेट वुमन' आधी १९९४ साली फ्रेंचमध्ये आणि २००० साली इंग्रजीत निघालं. एक वही घ्यायची, रोज लिहायचं आणि वही संपली की थांबायचं, असा त्याचा बेत. सुरुवातीला तर तो प्रत्येक पानावरचे शब्द मोजत जातो, मग ते सोडून देतो. पुस्तक विस्कळीत आहे आणि थकलेलं. ब्रॉटिगन कधीच न वाचलेल्या माणसाच्या हाती मी ते देणार नाही. 'ट्राउट फिशिंग'ही आधी देणार नाही, कारण त्याच्या भोवती अजून साठच्या दशकातली उदबत्ती जळते. नव्या वाचकाने बंदूक, बाटल्या आणि हॅम्बर्गरवाल्या पोरापासून सुरुवात करावी आणि तिथून मागे, सरबताच्या पुडीकडे यावं.